काम येतं, तरी ‘जमत नाही’ म्हणतात: अ‍ॅस्पर्जर असलेल्यांनी नोकरी कशी सांभाळावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २९, पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम. गेल्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी अ‍ॅस्पर्जरचं, म्हणजे भाषा आणि बुद्धी नेहमीसारखी असलेल्या ऑटिझमचं, निदान केलं. सहा वर्षांतली ही तिसरी नोकरी. कामात कोणी चूक काढत नाही, पण मागच्या आठवड्यात ६० दिवसांचा पीआयपी (ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखवण्याची लेखी योजना) हातात पडला. त्यात ‘संवाद सुधारणे’, ‘पुढाकार घेणे’ आणि ‘टीमशी जुळवून घेणे’ एवढंच लिहिलंय. निदान ऑफिसात सांगावं का? क्षेत्र बदलावं का? आणि घरचे म्हणतात तशी दिव्यांग आरक्षणातून सरकारी नोकरी मिळेल का?

साठ दिवस मोजायला सुरुवात झालीय, म्हणून आधी पीआयपीचं बघू.

त्या कागदावरचे तिन्ही मुद्दे असे आहेत की ते पूर्ण झाले की नाही, हे कुणालाच ठरवता येणार नाही. साठाव्या दिवशी मॅनेजरच्या मनात जे असेल तोच निकाल. म्हणून येत्या तीन दिवसांत प्रत्येक मुद्दा डोळ्यांना दिसेल, मोजता येईल अशा कृतीत बदलून घ्या. मॅनेजरला मेल करा, एचआरला सीसीत ठेवा. इंग्रजीत लिहा, आशय साधारण असा: “या मुद्द्यांवर मला मनापासून काम करायचं आहे. प्रत्येक मुद्द्याबाबत दोन गोष्टी कळल्या तर सोपं जाईल. गेल्या तीन महिन्यांतला एखादा प्रसंग, जिथे माझं कमी पडलं. आणि तिथे नेमकं काय करायला हवं होतं. दर मंगळवारी २० मिनिटं आढावा घेता येईल का? भेटीत ठरलेलं मी त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवेन.” बस, एवढंच. आठ-दहा ओळींच्या वर जाऊ नका.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे तीन पानी खुलासा. आरोप चुकीचा वाटला की प्रत्येक वाक्य पुराव्यानिशी खोडून काढावंसं वाटतं, आणि तुमचे पुरावे बहुतेक वेळा बरोबरही असतात. पण समोरचा ते वाचून “हा ऐकायलाच तयार नाही” एवढाच निष्कर्ष काढतो. दुसरी चूक म्हणजे बारा-बारा तास बसून दुप्पट टेस्ट केसेस लिहिणं. तक्रार टेस्ट केसेसबद्दल नव्हतीच. आधीच थकलेलं डोकं त्यामुळे आणखी थकतं, आणि बोलण्यातल्या चुका वाढतात.

उत्तर आलं की मुद्दे बहुधा अगदी साधे निघतात. ‘पुढाकार’ म्हणजे बिल्ड (तपासायची नवी आवृत्ती) दोन तास अडकला तर दुपारी चारच्या आत लीडला कळवणं. ‘संवाद’ म्हणजे मेल आल्यावर चार तासांत “मिळालं, उद्या दुपारपर्यंत बघून सांगते/सांगतो” अशी पोच देणं. उत्तर नंतर गेलं तरी चालतं. ‘जुळवून घेणे’ हा शब्द मात्र नीट उलगडून घ्या. त्यात कधी मीटिंगमध्ये मध्येच बोलणं असतं, कधी कॅमेरा बंद ठेवणं, कधी एकट्याने डबा खाणं. पहिलं बदलायला हवं. दुसऱ्यावर तडजोड होऊ शकते. तिसरं तुमच्या कामाचा भाग नाही, आणि ते शांतपणे सांगता येतं.

आता मूळ दुखणं. अ‍ॅस्पर्जर असलेल्यांच्या नोकऱ्या कामापायी फारशा जात नाहीत. न सांगितलेल्या कामापायी जातात. आपल्याकडच्या ऑफिसांत निम्मं काम ‘समजून घ्यायचं’ असतं. “जरा हे बघून घेशील का?” या वाक्यात काय काय दडलंय पाहा: हे आजच करायचंय, माझ्या बॉसने विचारलंय, नुसतं बघायचं नाही तर दुरुस्तही करायचं, आणि झालं की मला येऊन सांगायचं. वाक्यात यातलं एकही नाही. तुम्ही फाइल उघडता, बघता, बंद करता. संध्याकाळी समोरच्याचा चेहरा का उतरलाय ते कळत नाही. “वेळ मिळाला की कर”, “लवकरात लवकर”, “बघू या”, “तुला जसं वाटेल तसं” ही सगळी याच जातीची वाक्यं. वरिष्ठाचं “बघू या” म्हणजे दहातल्या आठ वेळा नाही.

यावर उपाय चेहरे वाचायला शिकणं हा नाही. त्याला वर्षं लागतात आणि दमणूक प्रचंड होते. उपाय म्हणजे न बोललेलं बोलून घेणं. कुठलंही तोंडी काम आलं की तीन प्रश्न, नेहमी तेच आणि त्याच क्रमाने: कधीपर्यंत हवं? झालं म्हणजे हातात नेमकं काय हवं? अडलं तर कुणाला विचारू? ते चिकटचिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला लावा. मग दोन ओळींचा मेल किंवा चॅट: “माझी समज अशी, गुरुवार पाचपर्यंत लॉगिनच्या २२ केसेस, एक्सेलमध्ये. काही वेगळं असेल तर सांगा.” तोंडी सूचना निसटतात, आणि त्याला कारण आहे. बोलणं ऐकणं, सूर समजून घेणं, डोळ्यांत बघणं आणि मजकूर लक्षात ठेवणं हे सगळं एकाच वेळी करताना मेंदू सगळ्यात आधी मजकूर सोडून देतो. म्हणूनच समोर बघायचं की लिहून घ्यायचं यातलं एकच निवडायचं असेल, तर लिहून घ्या. वही उघडी असली की नजर खाली असलेली कुणाला खटकत नाही, हा जोडीचा फायदा.

मध्येच नवं काम येऊन पडलं की गोंधळ होतो. तेव्हा “जमणार नाही” असं तोंडातून जातं आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. त्याऐवजी विचारा: “हे आज घेतलं तर रिग्रेशन टेस्टिंग उद्यावर जाईल. चालेल ना?” प्राधान्य ठरवणं हे मॅनेजरचं काम आहे, ते त्याच्याकडेच द्या.

टेस्टिंगमध्ये आणखी एक खाच आहे. चूक शोधण्याचाच पगार मिळतो, त्यामुळे चूक दिसली की तिथल्या तिथे सांगणं हा प्रामाणिकपणा वाटतो, आणि तो असतोही. पण क्लायंटसमोर “हे आकडे चुकीचे आहेत” म्हटलं, तर आकडे बरोबर होतात आणि माणूस दुरावतो. यासाठी एक ठोस नियम ठेवा: चूक कुणाच्या कामात आहे ते बघा आणि आधी त्यालाच खाजगी चॅटवर सांगा. सगळ्यांसमोर तेव्हाच बोला, जेव्हा त्या चुकीवर आधारलेला निर्णय याच मीटिंगमध्ये होतोय. तेव्हाही वाक्य प्रश्नार्थी ठेवा: “सहाव्या स्लाइडवरची बेरीज एकदा तपासू या का?”

हे सगळं एकट्या तुमच्यावर का, असं वाटणं रास्त आहे. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की समजुतीचा घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. तुम्हाला त्यांचे इशारे कळत नाहीत, तसं त्यांनाही तुमचा सपाट आवाज आणि थेट शब्द वाचता येत नाहीत. आपल्याकडे ऑटिस्टिकसाठी ‘स्वमग्न’ हा शब्द रुळलाय, पण तो प्रौढांच्या बाबतीत फार दिशाभूल करतो. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाला इतरांचं काही पडलेलं नाही. प्रत्यक्षात मीटिंगमध्ये आपण काय बोललो हे रात्री दोनपर्यंत उगाळत बसलेला माणूस हाच असतो.

आवाज, दिवे आणि दमणूक

हा भाग लोक किरकोळ समजतात, आणि नोकरी सोडण्याचं खरं कारण अनेकदा इथेच असतं. पन्नास जणांचा उघडा हॉल, डोक्यावर लुकलुकणारी ट्यूब, मानेवर एसीचा झोत, शेजारी पँट्री आणि तिथून येणारा मायक्रोवेव्हचा टिंग. इतरांचा मेंदू हे दहा मिनिटांत मागे ढकलतो. तुमचा ढकलत नाही. सहा वाजेपर्यंत प्रत्येक टिंग पहिल्याइतकाच ताजा असतो. त्याआधी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास गेलेलाच असतो.

जागा बदलून मागा. भिंतीला पाठ असलेली, येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेली, पँट्री, प्रिंटर आणि मीटिंग रूमच्या दारापासून लांब. मागण्याआधी दोन कामाचे दिवस डायरी ठेवा: दर तासाला त्रास ० ते १० मध्ये किती, आणि तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं. “मला आवाजाचा त्रास होतो” यापेक्षा “दुपारी एक ते अडीच पँट्रीजवळ माझं काम थांबतं, त्या वेळेपुरतं शांत खोलीत बसू का?” याला होकार मिळणं सोपं. आवाज कापणारे हेडफोन चालतात, पण दिवसभर घालून ठेवले तर नंतर साधा आवाजही टोचायला लागतो. म्हणून एकाग्रतेच्या कामापुरतेच वापरा, आणि टीमला सांगून ठेवा: “हेडफोन असताना चॅट करा, मी १५ मिनिटांत बघतो/बघते.” नाहीतर त्याचाही अर्थ तुसडेपणा असा लागतो.

भूक, तहान, लघवी हेही उशिरा जाणवतं असा अनुभव बऱ्याच जणांना असतो. चार वाजता येणारी चिडचिड कित्येकदा निव्वळ न खाल्लेल्या डब्याची असते. एक वाजताचा गजर लावा. जेवण गटात नको असेल तर आठवड्यातून दोन दिवस, एका ओळखीच्या माणसासोबत, २० मिनिटं. तेवढं पुरतं. ऑफिसातल्या बऱ्याच बातम्या जेवणाच्या टेबलावरच कळतात, म्हणून अगदी शून्यावर आणू नका.

दिवसभर ‘सगळ्यांसारखं’ वागून दाखवण्याची किंमत संध्याकाळी भरावी लागते. महिनोन्महिने हे चाललं तर मेंदू संप करतो. आधी सहज जमणाऱ्या गोष्टी जमेनाशा होतात, बोलताना शब्द सापडत नाहीत, आवाज-उजेड आणखी सोसवेनासा होतो, सुट्टीच्या दिवशी अंघोळही ओझं वाटते. बाहेरून हे नैराश्यासारखं दिसतं, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. पण “बाहेर पडा, लोकांत मिसळा” हा नैराश्यातला नेहमीचा सल्ला इथे उलटू शकतो. इथे आधी भार कमी करावा लागतो: आठवड्याच्या मध्यावर एक दिवस घरून काम, सलग मीटिंगांमध्ये १५ मिनिटं मोकळी, घरी आल्यावर पहिला तास कुणाशीही न बोलण्याची मुभा. ही शेवटची गोष्ट घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. आई दारातच “कसा गेला दिवस?” विचारते, त्यात तिचं प्रेम असतं. तिला सांगा, आठ वाजता विचार, मी सगळं सांगेन.

एडीएचडीची (लक्ष टिकवण्यात अडचण आणि अस्वस्थता) तपासणी झाली नसेल तर करून घ्या. दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे, आणि एडीएचडीवर औषध आहे. अ‍ॅस्पर्जरच्या मूळ गोष्टीवर औषध नाही. चिंता, झोप, नैराश्य यांवर आहे. स्टेम सेलच्या नावाखाली लाखोंची पॅकेजेस विकली जातात, त्यात एक रुपयाही घालू नका.

सांगायचं का, आणि किती

निदानाचं नाव सांगणं आणि गरज सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर लिहिलेलं जवळजवळ सगळं नाव न घेता मागता येतं: “मला लेखी सूचना दिल्या की काम नीट होतं.” सगळं सुरळीत असताना एवढंच पुरे. पण पीआयपी चालू असेल तर माझं मत स्पष्ट आहे: एचआरला सांगा, लेखी सांगा, आणि पहिल्या पंधरा दिवसांत सांगा. शेवटच्या आठवड्यात सांगितलं तर ते सबब वाटतं. टीमला सांगायची गरज नाही. माहिती कुणापर्यंत जावी तेही त्याच पत्रात लिहा.

सोबत डॉक्टरांचं एक पानी पत्र जोडा, तपासणीचा पूर्ण अहवाल नको. त्यात बालपणापासूनचं सगळं असतं, ते कंपनीला कशाला? पत्रात तीनच गोष्टी हव्यात: निदान, त्याचा कामावर कुठे परिणाम होतो, आणि कोणते चार-पाच बदल हवेत. बदल बिनखर्चाचे असावेत: लेखी सूचना, ठरलेल्या वारी आढावा, जागा, मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी. यादी दहावर गेली की समोरचा घाबरतो.

पत्रात ‘अ‍ॅस्पर्जर’ इतकंच लिहून घेऊ नका. लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये हे नाव रूढ केलं, १९९४ मध्ये ते मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात आलं आणि २०१३ मध्ये तिथून गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही ते वेगळं नाही. आता सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ या नावाखाली येतं. आपल्या कायद्यातही हेच नाव आहे, म्हणून कागदावर तेच हवं.

तो कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं आणि त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सोयी मिळतील हे लिहावं लागतं. तुमच्या कंपनीचं धोरण इंट्रानेटवर शोधा आणि पत्रात त्याचा हवाला द्या. भेदभावाविरुद्धची कलमं सरकारी नोकरीत जास्त धारदार आहेत, खाजगीत तुलनेने बोथट, हे मात्र ध्यानात ठेवा. म्हणून कंपनीत कायद्याची भाषा शेवटी. आधी “हे बदल केले तर काम असं सुधारेल” ही भाषा. आणि ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून गप्प बसू नका. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की वाजवी सोय मागायला ४० टक्क्यांची अट नाही. ती अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे.

आता आरक्षण. सरकारी आस्थापनांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा आहेत. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांत मिळून वाटला जातो. शिवाय प्रत्येक पद प्रत्येक प्रकारासाठी खुलं नसतं. जाहिरातीतला तो रकाना आधी वाचा. लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमसाठी इसा ही भारतीय मापनपट्टी वापरतात: ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण ७० पासून पुढे ऑटिझम धरतात आणि तिथूनच ४० टक्के सुरू होतात.

चांगलं बोलणारी, शिकलेली प्रौढ माणसं इथेच अडकतात. पट्टीतल्या बऱ्याच बाबी लहान मुलांत उठून दिसणाऱ्या आहेत. तुम्ही नीट कपडे घालून, डोळ्यांत बघून, पाठ केल्यासारखी उत्तरं दिली की गुण ७० च्या खाली जातात. खोटं काही सांगायचं नाही, पण झाकायचंही नाही. लहानपणापासून ओळखणाऱ्या आई, वडील किंवा आत्याला सोबत न्या. शाळेच्या प्रगतिपुस्तकांतले शेरे, आधीच्या तपासण्यांचे कागद, आणि रोजच्या अडचणींची दोन पानी लेखी उदाहरणं न्या. “मैत्री आहे का?” याला “हो” म्हणून थांबू नका, शेवटचं कधी भेटलात, कोणी ठरवलं होतं, किती वेळ थांबलात, तेही सांगा.

प्रमाणपत्र मिळालं तरी सरकारी नोकरी आपोआप सोयीची होते असं नाही. लेखी नियम, ठरलेल्या वेळा, स्थैर्य हे तुमच्या बाजूचं. पण लोकांच्या रांगेसमोरचं टेबल, अचानक बदली, आणि न लिहिलेली सेवाज्येष्ठतेची गणितं हेही तिथेच आहे. अभिलेख, लेखा, ग्रंथालय, प्रयोगशाळा अशी पदं बघा. परीक्षेच्या तयारीसाठी हातातली नोकरी सोडू नका.

क्षेत्र बदलण्याबद्दल: “अ‍ॅस्पर्जरवाल्यांना कॉम्प्युटर जमतो” हे अर्धसत्य आहे. क्षेत्रापेक्षा त्या खुर्चीचं स्वरूप महत्त्वाचं. तासाला किती वेळा व्यत्यय येतो? काम बरोबर झालं हे वस्तुनिष्ठपणे ठरतं की कुणाच्या मतावर? बॉस एक की तीन? बदल आदल्या दिवशी कळतो की त्याच क्षणी? या चार प्रश्नांवर तुमच्या तिन्ही नोकऱ्या कागदावर मांडा. कुठली का तुटली ते दिसेल. टेस्ट ऑटोमेशन, डेटाची गुणवत्ता तपासणं, नकाशे आणि जीआयएस, ताळेबंद जुळवणं, मुद्रितशोधन, कॅड ड्रॉइंग यांत या चारही गोष्टी बऱ्यापैकी जुळतात. हेल्पडेस्क आणि प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर टाळा. टीम लीडची बढतीही विचार करूनच घ्या. उत्तम काम करणाऱ्याला लीड करतात, म्हणजे त्याला जमणारं काम काढून न जमणारं देतात, आणि वर्षभरात तो माणूस कोसळतो. तांत्रिक शिडीवरची बढती मागा. मोठ्या कंपन्यांत ती असते.

सॅपने २०१३ मध्ये ऑटिस्टिक उमेदवारांसाठी खास भरती सुरू केली आणि नंतर इतरही काही कंपन्या त्या वाटेने गेल्या. अर्ज जरूर करा, पण जागा मोजक्या असतात, त्यांच्यावर विसंबून थांबू नका. साध्या मुलाखतीत “स्वतःबद्दल सांगा” याचं ९० सेकंदांचं उत्तर लिहून, मोबाइलवर रेकॉर्ड करून, दहा वेळा म्हणा. आणि विचारा की प्रत्यक्ष काम करून दाखवायची चाचणी घेता येईल का. तिथे तुम्ही उजवे ठरता.

एक शक्यता उरते: सगळं करूनही पीआयपी अपयशी ठरला, तर अचानक बोलावून तिथल्या तिथे राजीनाम्यावर सही मागतील. धक्क्यात तुमच्याकडून एकतर लगेच सही होते, नाहीतर आवाज चढतो. त्या खोलीत म्हणायचं वाक्य आजच लिहून पाकिटात ठेवा: “मला हे लेखी द्या. वाचून उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर देईन.” त्या रात्री तपासायच्या गोष्टी: नोटीस पीरियडचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, आरोग्यविमा कुठल्या तारखेपर्यंत आहे, आणि अनुभवपत्रावर काय लिहिणार.